विमलताई आणि आम्ही साफ केलेला तलाव

प्रा. विमलताई सोनकुसरे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. साकोलीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा अध्यापक म्हणून रुजू व्हायला मी एसटीने निघालो होतो. अंगात त्याच दिवसासाठी शिवलेली नवी पँट. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर पाणवनस्पतींनी भरलेली प्लास्टिकची फुगलेली पिशवी होती आणि तिच्यातले पाणी माझ्या गुडघ्यावर टपकत होते. मी चिडून म्हणालो, "बाई, हे काय सांडून राहिलं माझ्या अंगावर?" त्या पिशवीत डोकावून शांतपणे म्हणाल्या, "सांडू द्या ना जी. तुमची पँट वाळन. हे वाळलं तं मरन." मी तावातावाने कंडक्टरला बोलावले. त्याने बाईंना नमस्कार केला आणि मलाच उठवून मागच्या सीटवर पाठवले. तासाभराने विभागप्रमुखांच्या खोलीत पाय ठेवतो तो खुर्चीत त्याच बाई आणि टेबलावर तीच पिशवी! त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिले आणि हजेरीपट पुढे सरकवला.

त्या ताईंना आता पंच्याहत्तरावे वर्ष लागले आहे. गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यावर लिहायला सांगितले. "हृद्य आठवणी येऊ द्या," असेही सुचवले. हृद्य मला कितपत जमेल देव जाणे. या विषयावर मला जे माहीत आहे, ते इतकी वर्षे माझ्या घशात अडकून बसले आहे. ते आता या पानावर ठेवतो, मग ग्रंथाची शोभा वाढो की जावो.

ताई आंधळगावच्या विणकर घरातल्या. त्यांचे वडील हातमागावरचे लुगडे गिऱ्हाइकापुढे पदरापासून शेवटापर्यंत उलगडत, सुटलेला धागा स्वतःच दाखवत आणि मगच घडी घालत. ताईंनी ही सवय कागदाला लावली. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला ते त्याच्या बोलीत वाचून दाखवायचे. तो हो म्हणाला तरच कागद पुढे जायचा. एकदा बपेऱ्याला नदीकाठच्या शेतीविषयीचे टिपण त्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाचून दाखवले. "हे मी बोललोच नाइ, बाई," तो म्हणाला. ताईंनी ते पान फाडले आणि त्याच्या ओसरीवर बसून नवे लिहून काढले. आमची शेवटची बस गेली. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाल्या, "बस उद्या येईन. हा कागद एकदा गेला की येत नाइ." माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा महिनाभर माझे सगळे तास याच ताईंनी घेतले. तेही मला विद्यार्थ्यांकडून कळले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ताईंची नेमणूक एका मोठ्या कामावर झाली. देशाच्या पर्यावरण आणि शाश्वत विकास धोरणावर सल्ला देण्यासाठी सरकारने परदेशी आणि भारतीय तज्ज्ञांचा एक गट बसवला होता. त्या धोरणाच्या मसुद्यातले एक प्रकरण जुन्या तलावांचे होते. आपल्या भंडारा जिल्ह्यात असे तलाव पावलोपावली असल्यामुळे इथला एक तलाव नमुना म्हणून पाहायचे ठरले, आणि ताईंनी माझ्या गावचा तलाव सुचवला. त्याची पाहणी जशी होईल, तसे धोरण त्याच्यासारख्या बाकी तलावांना लागू व्हायचे. तलाव 'जिवंत' ठरला तर तो ढीवर मच्छीमारांच्या संस्थेकडेच राहणार आणि त्यातल्या वनस्पती जपल्या जाणार. 'मृतप्राय' ठरला तर यंत्राने एकसारखा खोल खोदून बाहेरच्या ठेकेदाराला मत्स्यपालनासाठी देणार. मधला रस्ता नव्हता.

पाहणीच्या दिवशी ताई दुसऱ्या प्रकरणासाठी दिल्लीत अडकल्या. "तू तिथलाच आहेस. तू दाखव त्यांना तलाव," असे त्यांनी मला फोनवर सांगितले.

आणि मी शहाण्याने काय करावे? आपल्याकडे पाहुणा येणार म्हटले की आधी अंगण झाडतात, सडा घालतात. मी गावाला निरोप धाडला, "परदेशी पाहुणे येऊन राहिले. तलाव साफ करा. इज्जतीचा सवाल आहे." गाव हो म्हणाले. तीन दिवस चाळीसेक बायामाणसे डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, घेऊन पाण्यात होती. कमळाची पाने, शिंगाड्याचे वेल, पांढरी कुमुदिनी, देवधान हा पाण्यातला रानटी भात, पाण्याखालचे सगळे गवत त्यांनी ओढून काढले आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, मागे ढीग लावला. मी आदल्या दिवशी पोचलो तेव्हा पाणी काचेसारखे होते. मी वनस्पतिशास्त्राचा अध्यापक! पाहताक्षणी मला कळले, तलावाचा जीवच आम्ही काढून टाकला होता. पण लोकांचे हात चिरलेले होते, सरपंच कौतुकाच्या आशेने माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या तोंडून निघाले, "लय झक्कास केलं."

गटाच्या अध्यक्षा मारित नावाच्या एक उंच, अबोल बाई होत्या, उत्तर युरोपातल्या. पाणथळींवर त्यांचे आयुष्य गेलेले. डोंग्यात बसून त्या दोन तास पाण्यात पाहत राहिल्या. वहीत काही लिहिण्यासारखे त्यांना सापडत नव्हते. काठावर येऊन त्यांनी मला इंग्रजीत विचारले, "हे पाणी नेहमी असेच असते का?"

पाळीवर सगळा गाव उभा होता. मी म्हणालो, "हो."

महिनाभराने मसुदा आला. आमचा तलाव 'मृतप्राय'. ताईंनी तो दोनदा वाचला. "असं कसं? देवधान होतं ना रे तिथं?" त्या मला म्हणाल्या. मी चष्मा पुसत बसलो. मुख्य मसुदा मंजूर करायची सभा दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला होती. ताई म्हणाल्या, "चल, गावात वाचून दाखवू." मी नाना कारणे सांगितली. एकही चालले नाही.

त्याच दुपारी समाजमंदिरात ताईंनी ते पान आपल्या बोलीत वाचले. 'या तलावात पाणवनस्पती आढळल्या नाहीत' या वाक्यावर सायत्राबाई उठल्या. ढीवरांच्या संस्थेत चाळीस वर्षे मासे मोजलेली बाई ती. "आढळल्या नाइत? कायले आढळतीन? आमीच तं काढल्या, तीन दिवस! हे पाहा हात!" ताईंनी हळूच विचारले, "काढायले कोणी सांगतलं होतं, माय?" सायत्राबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. सरपंच पंख्याकडे पाहू लागले. गावातल्या एकानेही माझे नाव घेतले नाही. माझ्याच्याने राहवले नाही. "ताई, मी सांगितलं होतं. आणि त्या अध्यक्षाबाईंना हे नेहमीच असं असतं, असंही मीच म्हणालो."

ताई रागवल्या नाहीत. रागवल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी पान घडी करून पर्समध्ये ठेवले आणि सायत्राबाईंना विचारले, "काढलेलं कुठं टाकलं?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सभा सुरू झाली. गुळगुळीत फरशीचा हॉल, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मारित आणि परदेशी सदस्य संध्याकाळी नागपूरहून विमानाने जाणार होते. मी ताईंच्या मागच्या खुर्चीत बसलो होतो. तलावांचे प्रकरण आले तशा ताई उभ्या राहिल्या. "या पानावरचा निष्कर्ष चुकीचा आहे. पाहणीच्या आधी आमच्या लोकांनी तलाव साफ केला होता."

गटाचे सचिव एकदम पुढे झुकले. "म्हणजे गटाला फसवलं? एका ठिकाणची माहिती खोटी निघाली तर बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवेल? शिवाय बदलाची मुदत संपली आहे."

मारित यांनी ताईंकडे पाहिलेच नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केले. "मी यांना विचारले होते. हे म्हणाले होते, नेहमी असेच असते."

मी उठायला लागलो. ताईंनी मागे न वळता हात मागे नेला आणि माझे मनगट असे दाबले की मी परत खुर्चीत बसलो. "यांना मी पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी पाठवलं होतं. त्यांनी केलं ते माझं. नोंद माझ्या नावावर करा."

सचिवांनी लगेच नोंद केली. पेनाचा आवाज मला ऐकू आला. मी बोलायला हवे होते.

तेवढ्यात दार उघडले आणि सायत्राबाई आणखी चौघींसह आत आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर सिमेंटची रिकामी झालेली, आता ओल्या गवताने ठासून भरलेली गोणी. शिपाई मागून ओरडत होता. सायत्राबाईंनी गोणी त्या चकचकीत फरशीवर उपडी केली. कुजक्या चिखलाचा वास हॉलभर पसरला, सचिवांनी नाकाला रुमाल लावला. सायत्राबाई फतकल मारून बसल्या आणि एकेक काडी वेगळी करू लागल्या. "हे देवधान. याच्या बुडाशी मरळ मासोळी अंडे देते. हा शिंगाडा. हे गवत पाण्याखालचं, मागूर इथंच लपते." ताई इंग्रजीत सांगत होत्या. मारित खुर्चीवरून उठल्या आणि पँटसकट त्या चिखलात मांडी घालून बसल्या. मला वाटले, सुटलो. कसले काय! सगळे ढीग लावून झाल्यावर मारित म्हणाल्या, "हे कुठल्याही तलावातले असू शकते. मला एकदा चुकीचे सांगितले गेले आहे."

ताईंनी हे सायत्राबाईंना सांगितले. सायत्राबाई भडकल्या. "असं काय? पानं काढली तरी मुळं गाळात हायेत ना! या म्हणावं, हात घालून पाहा!"

सचिव घड्याळ दाखवू लागले. विमान चुकेल, म्हणाले. मारित यांनी घड्याळाकडे पाहिले, ताईंकडे पाहिले आणि बूट घट्ट केले.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. मारित गुडघ्याच्या वर पाण्यात गेल्या, सायत्राबाई त्यांचा दंड धरून पुढे. वाकून त्यांनी खांद्यापर्यंत हात गाळात घातला. पहिल्यांदा नुसताच चिखल आला. दुसऱ्यांदाही. सायत्राबाईंनी त्यांना चार पावले डावीकडे नेले. तिसऱ्यांदा हात वर आला तेव्हा मुठीत कमळाचा जाड कंद होता आणि त्याला बोटभर हिरवा कोंब. मारित हसल्या नाहीत. त्यांनी तो कंद होता तिथे परत दाबला, काठावर आल्या आणि पेन मागितले. ताईंच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी 'मृतप्राय' खोडले आणि खाली सही केली. सायत्राबाई ताईंच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडलो, तोंड फिरवून.

तलाव राहिला. त्या प्रकरणात पुढे एक नियमही आला की पाहणीची तारीख ठरल्यापासून स्थळाला हात लावायचा नाही आणि मसुदा स्थानिकांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचा. ताईंची घरची सवय देशाच्या धोरणात गेली. पण इतिवृत्तात 'स्थळातील फेरफार सदस्येच्या सूचनेवरून' ही ओळही राहिली, आणि गटाची पुन्हा रचना झाली तेव्हा ताईंचे नाव यादीत नव्हते. मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, मी पत्र लिहितो. त्या तांदूळ निवडत होत्या. "काहून? तुही नोकरी हाय अजून. तलाव राहला ना? बस मंग," म्हणाल्या आणि मला चहा दिला. मी चहा प्यायलो आणि पत्र लिहिले नाही. पुढे मी विभागप्रमुख झालो, ताईंच्याच खुर्चीत बसलो आणि सन्मानाने निवृत्त झालो. लोक आजही हळू आवाजात विचारतात, "विमलताईंचं त्या परदेशी गटात काहीतरी झालं होतं ना?" मी प्रत्येक वेळी विषय बदलला.

आता बदलणार नाही. ताई, तलाव साफ करायला मी सांगितले होते आणि अध्यक्षांशी खोटे मी बोललो होतो. तुम्हाला यातले काहीही ठाऊक नव्हते. हा लेख तुम्हाला आधी वाचून दाखवायला हवा होता, हे मी जाणतो. पण तुम्ही हे पान फाडले असते, म्हणून तुमचा नियम या एका वेळी मोडला. याच मजकुराचे पत्र, माझ्या सहीने, गटाच्या कार्यालयाला आणि मारित यांना गेल्या आठवड्यात रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आहे. इतिवृत्तातली ती ओळ बदला, अशी मागणी केली आहे. सरकारी काम आहे, उत्तराला किती वर्षे लागतील सांगता येत नाही. म्हणून ताई, हात जोडून विनवतो, गुडघ्यांची काळजी घ्या, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, माझ्यावर हवे तेवढे रागवा, पण भरपूर जगा. ते उत्तर तुमच्या हातात पडले पाहिजे.