नळी बदलणारा जोतिबा

जोतिबाच्या घरात कंपनीतून आली तशीच राहिलेली वस्तू एकच, आणि ती म्हणजे मी, असं त्याची बायको बनुबाई सांगायची. बाकी सगळ्याला त्याचा हात लागलेला. मिक्सरचं भांडं एकाचं तर मोटर दुसऱ्याची, पंख्याची पाती तिसऱ्याच कुठल्या पंख्याची. फौजेत जोतिबा आर्मोरर होता, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारा. निवृत्त होऊन कोरेगावात आला आणि रीतसर परवाना काढून त्यानं बंदूकदुरुस्तीचं दुकान टाकलं. नवीन वस्तू विकत आणणं म्हणजे त्याला हार मानल्यासारखं वाटे.

गुणमाला पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढली ती नवऱ्याशी चाललेलं भांडण गाडीत अर्धवट ठेवून. आष्ट्याच्या घरापासून ते चालू होतं. नवरा पायगोंडा, मुलगा सम्मेद, आणि मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली पायगोंडाच्या आजोबांची रायफल. आजोबा गावचे पाटील होते. रायफल शिकारीची, पण या जैन घरात आल्यापासून तिनं एकही जीव घेतला नव्हता. मक्यात, उसात रानडुकरं शिरली की बांधाच्या मातीत एक गोळी मारायची. आवाजानं कळप पळून जायचा. पायगोंडाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि परवाना सम्मेदच्या नावावर झाला, तेव्हापासून मात्र गुणमालेला ती नकोशी झाली होती. इतकी वर्षं नवऱ्याच्या गालाला ती रायफल टेकलेली तिनं पाहिली होती आणि तिला काही वाटलं नव्हतं. आता तिथं सम्मेदचा गाल दिसला की तिला त्या लोखंडाचं वय आठवायचं. कंपनीची नवीकोरी, सीलबंद पेटीतली रायफल घ्यावी, एवढंच तिचं म्हणणं. पायगोंडाला आजोबांचीच हवी होती.

जोतिबानं बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारी लोखंडी दांडी, काढला आणि नळीला डोळा लावून ती उजेडाकडे धरली. तोंडापाशी गंजानं खड्डे पाडले होते. त्यानं गजाला फडकं बांधून आत फिरवलं, तर फडक्याबरोबर झेंडूची एक वाळकी पाकळी बाहेर आली.

गुणमालेच्या लगेच लक्षात आलं. खंडेनवमीला कोयते, खुरपी, मोटारीचा पान्हा यांच्या ओळीत रायफलही पाटावर मांडली जायची. हळदकुंकू वाहून झालं की पाणी शिंपडलेला झेंडू देठासकट नळीच्या तोंडात खोचायचा. सासूबाई खोचायच्या, म्हणून तीही खोचायची. दसऱ्याच्या धामधुमीत ते फूल कुणी काढलं, कधी काढलं, याचा पत्ता कुणालाच नसे; तोवर देठाची ओल नळीत मुरायची.

तिचा उतरलेला चेहरा पाहून जोतिबाला हसू आलं. "आवं वहिनी, आमच्या पलटणीतबी फुलं वाहायची. पन सुभेदार आदी नळी पुसाय लावायचा, मग पेढा द्यायचा. तुमी पेढाच आदी खाल्लासा."

मग तो खुलला. खांद्याला टेकणारा हा लाकडी दस्ता तीन पिढ्यांच्या गालानं गुळगुळीत झालाय, अशी वस्तू कंपनी कुठून आणणार? कंपनीची रायफल सगळ्यांच्या खांद्याला सारखीच, म्हणजे धड कुणाच्याच नाही. बॉडी, म्हणजे बोल्ट बसतो तो मधला भाग, घट्ट आहे, नळी तेवढी नवी घालू, परवानगीचा अर्ज करा. पायगोंडा मान डोलावत होता. गुणमाला भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. गणवेशातला तो तरुण जोतिबाचा फौजेतला मुलगा ऋषिराज, हे बनुबाईनं चहा देताना सांगितलं होतं.

"जोतिबाभाऊ," ती म्हणाली, "अशी दुरुस्त केलेली रायफल तुम्ही ऋषिराजच्या हातात दिली असती?"

जोतिबाचा चेहरा आक्रसला. "माझ्या हातचं काम हाय त्ये," तो म्हणाला.

ते उत्तर नव्हतं. गुणमालेनं ते ध्यानात ठेवलं.

परवानगी मिळाली, नळी आली, काम सुरू झालं. गुणमाला काही ना काही निमित्त काढून फोन करायची. जोतिबा बहुधा कामात असायचा, फोन बनुबाई घ्यायची. नळीला तेल लावत बसलेत, माझं डोकं चारदा दुखलं तरी तेलाची बाटली हातात घेतली नाही, असलं काहीतरी सांगून ती गुणमालेला हसवायची. हळूहळू दोघींचं जमलं आणि रायफलीचा विषय फोनच्या शेवटी येऊ लागला.

एकदा सम्मेदचं माप घ्यायला बोलावणं आलं. शिंप्यानं बोलवावं तसंच. जोतिबानं त्याला डोळे मिटून रिकामी रायफल खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला लावून नजर कुठं पडते ते पाहिलं. दस्त्याचा कागदाइतका पातळ पापुद्रा काढला. पुन्हा डोळे मिटायला लावले. सम्मेदचे हात वडिलांपेक्षा लांब, त्याला दस्ता आखूड पडत होता, म्हणून दस्त्याच्या टोकाला रबर चढवलं. ते कुठलं म्हणून विचारलं तर एका जुन्या स्कूटरच्या पायाखालचं. पायगोंडा शेजारी बसून, आजोबा ती कशी धरायचे ते पोराला दाखवत होता. एरवी या बापलेकांचं बोलणं खताच्या गोणीपलीकडे जात नसे. ते बघून गुणमालेला वाटलं, होऊ दे हीच रायफल.

चाचणीच्या सकाळी जोतिबानं दुकानामागच्या मातीच्या खड्ड्यासमोर रायफल शिकंज्यात आवळली, भोवती वाळू भरलेले टायर रचले, चापाला दोरी बांधली आणि सगळ्यांना भिंतीआड घेतलं. दोरी ओढली. बार झाला. प्रत्येक बारानंतर तो रिकामं काडतूस उचलून, कुठं फुगलं-चिरलं नाही ना, ते बोटांवर फिरवून बघायचा आणि पुन्हा भिंतीआड यायचा. सगळं ठीक होतं. पायगोंडानं डोळे पुसले. सम्मेदनं आता खांद्यावरून एक बार काढू द्या म्हणून हात पुढे केले.

जोतिबानं रायफल शिकंज्यातून सोडवली. पोराच्या हातात देता देता त्यानं गुणमालेकडे पाहिलं. ती सम्मेदच्या गालाकडे बघत होती. तो थांबला आणि रायफल घेऊन परत दुकानात गेला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले.

त्यानं बोल्ट काढून रॉकेलनं धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि त्यावर खडूची भुकटी चोळली. काही चीर असली तर तिच्यात मुरलेलं रॉकेल खडूत उमटतं, असं त्यानं सम्मेदला सांगितलं. हे आधीच करायला पाहिजे होतं, नळीच्या नादात राहून गेलं, असंही पुटपुटला. मग सगळे त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत उभे राहिले. बोल्टच्या ज्या कानावर, म्हणजे पुढच्या उंचवट्यावर, गोळीचा सगळा धक्का झेलला जातो, त्या कानाच्या बुडाशी केसासारखी एक काळी रेघ आली.

"दुसरा बोल्ट घाल की गड्या," पायगोंडा म्हणाला.

"घालीन की. पन ज्या मारानं ह्यो तडकला, तेवढाच मार बॉडीनं खाल्लाय. तीबी बदलू? मग आजोबांचं काय ऱ्हातंय, अण्णा? खांद्याचा पट्टा?"

 पायगोंडाला आशा दाखवली ती जोतिबानंच. दस्ता तासला तो त्यानंच. शेवटी तो गुणमालेकडे वळला.

"वहिनी, तुमी तवा इचारलं हुतं. न्हाई. ऋषिराजच्या हातात मी ही दिली नसती."

गुणमालेला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण जोतिबा बोल्टवरचा खडू इतक्या हळूहळू पुसत होता की तिनं बनुबाईला चहा ठेवायला सांगितलं. आपल्याच घरी बसल्यासारखं.

कंपनीची रायफल आली. सम्मेद ती पेटीतून काढून थेट कोरेगावला घेऊन गेला, कारण जोतिबानं तसं बजावलंच होतं. सीलबंद पेटीतल्या वस्तूलाही त्यानं सुखानं राहू दिलं नाही. कंपनीला सम्मेदचा गाल काय ठाऊक, असं म्हणत दस्ता तासला आणि स्कूटरचं रबर जुनीवरून काढून तिच्यावर चढवलं. हे सगळं होईपर्यंत गुणमाला दुकानातच बसून होती. चाचणीही तिनं भिंतीआडून पाहिली आणि खडूची भुकटीही. यावेळी पांढऱ्यावर पांढरंच राहिलं.

आजोबांच्या रायफलीला जोतिबानं तिची जुनी नळी परत बसवली आणि रीतसर परवानगीनं ती कायमची मुकी केली. आतून बुजवली, वेल्डिंग मारलं.

खंडेनवमीला जोतिबा आणि बनुबाई आष्ट्याला आले. पाटावर कोयते, खुरपी, पान्हा आणि दोन्ही रायफली. गुणमालेनं हळदकुंकू वाहिलं, झेंडू उचलला आणि तिचा हात दोन्ही नळ्यांच्या मधे अडला. जोतिबा खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

तिनं नव्या रायफलीच्या दस्त्याजवळ एक सुकी पाकळी ठेवली. ओल्या देठाचं अख्खं फूल जुनीच्या तोंडात खोचलं.

"खोचा, खोचा," जोतिबा म्हणाला. "आनि काढू बी नका."

मग त्यानं खिशातून फडकं काढलं आणि कुणी काही म्हणायच्या आत नवी रायफल मांडीवर घेऊन पुसायला बसला. पेढा त्याच्यासमोर तसाच पडून होता.