मायची तिरडी नाल्यातून गेली

"तिकून न्या. इथं सप्ता सुरू हाय."

मायची तिरडी आमच्या खांद्यावर होती. पुढच्या बाजूला मी आणि माझा धाकटा भाऊ. समोर मंदिराचा मांडव, आणि रस्त्यात बापूसाहेब उभे. मायने उभा जन्म त्यांच्याच शेतात निंदण केलं, कापूस वेचला. त्यांनी नुसता हात नाल्याकडे केला.

भाऊ म्हणाला, "बापूसाहेब, स्मशानाचा रस्ता तं हाच हाय."

"तुमचा नाल्याचा हाय. आधीपासून."

मांडवातून ओळखीचाच एक जण हसला. "बुद्धाच्या लोकाईले सगळं सारखंच असते म्हंतात. जा ना बे चिखलातून."

आम्ही वळलो.

नाल्यात भावाचा पाय घसरला. तिरडी कलली आणि मायचा हात पांढऱ्या कापडाबाहेर आला. चिखलाने भरला. मी तो आत घेतला. पुसायला कोरडं काही नव्हतं.

मी नांदुऱ्याला शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते. दुःख आहे. दुःखाला कारण आहे. ते कारण दूर करता येतं. तसा मार्ग आहे. मुलं पाठ करतात, मी उत्तरापुढे बरोबरची खूण करते. चितेजवळ त्रिशरण, पंचशील म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे चिखलाने भरलेला तो हात होता.

आम्हाला अडवल्याचं कोणी तरी मोबाइलवर टिपलं होतं. ते पसरलं. मरणानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी जबाब द्या, असा ठाण्यातून निरोप आला.

पुण्यानुमोदनाला बापूसाहेब पांढऱ्या कपड्यांत आले. आमच्याच माणसांनी लगबगीने खुर्ची दिली. भंतेजींनी पंचशील दिलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील सगळ्यांनी म्हटलं. बापूसाहेबांचे हात जोडलेले होते. ओठही हलत होते.

मग ते दोन शब्द बोलायला उठले.

"बुद्धाची शिकवण म्हंजे शांती. आपल्या गावात भेदभाव कधी झाला नाही. ही बाई तं आमच्या घरचीच होती. त्या दिवशी गर्दी पाहून या लोकाईनं आपल्या मनानंच नाल्याचा रस्ता धरला. हो ना, मॅडम? तुमी शिकेल-सवरेल हा. सांगून द्या सर्वाईले. उद्या ठाण्यातबी हेच सांगा. विषय संपला."

ते खुर्चीवर बसले. मामा माझ्या कानाशी लागला.

"हो म्हण, पोरी. तुह्या भावाचं वावर त्याइच्या वावराच्या पलीकून हाय, वाट त्याइच्यातूनच जाते. तू तं चालली जाशील नांदुऱ्याले."

मेणबत्त्या जळत होत्या. फळ्यावरचं दुसरं वाक्य मला आठवलं. दुःखाला कारण आहे. ते माझ्यापुढे खुर्चीत बसलं होतं आणि माझ्या 'हो'ची वाट पाहत होतं. हो म्हटलं असतं, तर मायला मी स्वतः पुन्हा नाल्यात नेलं असतं.

मी उठले. कित्येक वर्षांत गावची बोली माझ्या तोंडी नव्हती. ती आली.

"खोटं हाय. तुमी आडवे उभे राह्यले. माह्या मायले चिखलातून न्या लावलं तुमी."

बापूसाहेब रागावले नाहीत. हसले. भंतेजींना वाकून नमस्कार केला. जाताना भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"वावरात सांभाळून जात जाय बे. दिवस खराब हायेत."

लोक न जेवताच उठले. भाताचं पातेलं तसंच राहिलं.

सकाळी वावराच्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास आडवे टाकलेले होते. बांधावर बापूसाहेबांचा एक माणूस बसून होता. त्याने आमच्याकडे पाहिलं.

भाऊ वाटेतच थांबला. "ताई, जबाब देशील तं इथं राहा लागन तुले. मले एकट्याले टाकून नको जाऊ."

"राहीन," मी म्हटलं.

आज दुपारी मी ठाण्यात जाणार आहे. कोण उभं होतं, कोण हसलं, सगळं नावानिशी सांगणार आहे. आम्ही मुकाट वळलो, हेही सांगणार आहे. आणि आमच्या वस्तीतलं पुढचं प्रेत मंदिरापुढूनच जाईल, असं मी भावाला सांगितलं.

भावाने विचारलं, "कोणाचं?"

"माहं असलं तरी."