ताजं लिंबू

शनिवारी आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्याने, सदाने, रिक्षाला ताजी लिंबू-मिरची बांधली आणि पुलाच्या वळणावर वेग वाढवला.

"अरे सदा, हळू!"

"आजी, घाबरता काय? आजच नवीन बांधलंय!"

शुक्रवारी लिंबू सुकलेलं होतं, तेव्हा हाच सदा खड्डेसुद्धा चुकवत जपून चालला होता. संरक्षण मिळालं की माणूस ते शिल्लक ठेवत नाही, लगेच धाडसावर खर्चून टाकतो. अर्थशास्त्राच्या वर्गात मी हे पाठ केलं होतं. कळलं ते त्या वळणावर.

अनू, परवा फोनवर तू आनंदाने सांगितलंस, तुझी नवी गाडी आपोआप ब्रेक लावते. तेव्हापासून मला चैन नाही. सगळ्या आज्या नातींना घाबरू नकोस म्हणतात. तू थोडी घाबरत जा गं.