कायले फेकू मी बाबाची रेकॉर्ड?

मंडळी, आज डोकंच फिरलं माह्यं.

आमच्या नेर गावात जिनिंग मिलचा कापूस उडत उडत घरात येते. बाबाच्या जुन्या भीमगीतांच्या रेकॉर्डवर तोच बसला होता. दादा कोरड्या टेरिकॉटच्या फडक्यानं खसाखसा पुसत होता. अरे, कोरडं घासलं का करंट भरते अन् धूळ आणखीनच चिकटते! मी रेकॉर्ड हिसकावली, ओलसर मऊ कपड्यानं हळूच पुसली.

"फेक ते! मोबाईलवर सगळं भेटते," म्हणत दादानं त्याच रेकॉर्डवरचं एक गाणं मोबाईलवर लावलं. सोबत म्हणू लागला अन् दुसऱ्या कडव्यात एक ओळ गाळून पुढं गेला.

बाबाच्या रेकॉर्डवर तिथंच ओरखडा आहे, सुई उडते अन् ती ओळ वाजतच नाही. सारी वस्ती हे गाणं हीच रेकॉर्ड ऐकून तसंच शिकली.

मोबाईलमधलं गाणं पूर्ण असन, पण ते आमचं नाही. नाही फेकत, जा! तुम्ही फेकलं असतं का?