कादंबरीत कोणी जेवत नाही

आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात जितकी माणसं राहत होती, तितकी अख्ख्या वाशीममध्ये दुसऱ्या कुणाच्या घरात नसतील, आणि त्यांतलं एकही माणूस कधी जन्माला आलेलं नव्हतं. कागदोपत्री त्या घरात बाई एकट्या आणि पुढच्या खोलीत भाडेकरू म्हणून मी. मी रिठदची. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी इथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि एका संध्याकाळी ट्रंक आणि वळकटी घेऊन बाईंच्या दारात उतरले. सामान लावून झालं, माजघरात आले आणि खांबाला टेकून बसणार, तोच बाई आतून म्हणाल्या, "अठी नको बसू वं मास्तरीण. तठी महाबळेश्वरवाली बसते." मला वाटलं, दुसरी कुणी भाडेकरीण असेल. मी विचारलं, "बाहेर गेल्यात का त्या?" बाई म्हणाल्या, "कायची जाते! सहाव्या पानापासून रडून राह्यली ते. तुह्या पायापाशीच हाय." मी पाय आवरून घेतले. मोठ्या धीराची म्हणून माहेरी माझी ख्याती होती, पण त्या घरात राहिले तेवढी वर्षं मी त्या खांबाशी एकदाही बसले नाही. वैशाखात वरचे पत्रे तापून घराची भट्टी व्हायची, तेव्हासुद्धा त्या खांबाचा पायथा ओल्या मडक्यासारखा गार लागायचा.

बाई म्हणजे कापडदुकानदाराची विधवा. दुकान आता पुतणे पाहत होते आणि बाईंना दिवसभर काम असं नव्हतं. सकाळी मंदिर, दुपारी कादंबरी. कादंबरी म्हणजे प्रेमाचीच. शिकारीच्या, इतिहासाच्या, खुनाबिनाच्या त्यांना चालत नसत. बसस्टँडजवळ एक गृहस्थ भाड्यानं पुस्तकं द्यायचे. बाई दिसल्या की ते आधी गिऱ्हाइकांना पाणी विचारायचे, कारण आता कुणी लवकर हलणार नाही हे त्यांना माहीत असायचं. पुस्तक परत करताना बाई ते नुसतं ठेवत नसत, चारचौघांत त्याचा निकाल लावत. "हे घ्या. पोट्टी बरी हाय, पण लिहिणाऱ्यानं तिले बिघडवली. अन् हा तुमचा नायक पंधरा पानं झाले, खिडकीतच उभा! दुकान कुठं हाय याचं? करते काय हा?" गृहस्थ चाचरत म्हणाले, "कवी आहे तो, बाई." "मंग त्याच्या मायबापानं सांगाले पायजे होतं पोरीच्या घरी. लपवून कायले ठेवलं?" एका कादंबरीतला नायक पियानो वाजवायचा. पियानो बाईंनी पाहिला नव्हता आणि मीही नाही, पण पुस्तकावर चित्र होतं. बाईंचं मत असं पडलं की एवढं मोठं कपाट वाजवत बसणाऱ्या माणसाला घरात ठेवायला काही नसावं. अशा निकालानं धंदा बसेल असं मला वाटायचं. पण झालं उलटंच. बाईंनी ज्याला 'नालायक' म्हटलं, ते पुस्तक महिनाभर कपाटात दिसत नसे.

पण त्यांचा खरा आक्षेप वेगळा होता, आणि तो मी आजवर कुठल्याही मोठ्या टीकाकाराच्या तोंडून ऐकलेला नाही. त्या म्हणायच्या, कादंबरीत कोणी जेवत नाही. "दोनशे पानं पिरेम करून राह्यले दोघं. बागेत गेले, टेकडीवर गेले, पावसात भिजले. एक घास खाल्ला काय त्या पोट्टीनं? चहा. नुसता चहा अन् आसवं. अशानं मरन नाही तं काय होईन!" मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुले हासू येते. पुस्तक मिटलं का तुह्यं झालं. ते पोट्टी जाईन कुठं उपाशी?"

ती कुठं जाते ते बाईंच्या घरी रोज दिसायचं. जैनाघरचं जेवण दिवस मावळायच्या आत आटोपतं. आमची दोघींची ताटं झाली की बाई तिसरं ताट वाढायच्या. भाकर, मुगाचं वरण, असेल ती भाजी. ते माजघरात पाटासमोर ठेवायचं, दार लोटायचं आणि सकाळी गल्लीतल्या गायीला घालायचं. ताटातलं काही कमी झालेलं असायचं का, असं तुम्ही विचाराल. नाही. कधीच नाही. "त्याईले नुसतं वाढलेलं पुरते," बाई म्हणायच्या, "कोणी वाढतच नाही ना." मी मनात म्हणायची, म्हातारीला एकटेपणानं चळ लागला. पण एका सकाळी ती भाकर गायीनं हुंगली आणि चार पावलं मागं सरली. पुन्हा पुढं केली, तर मान फिरवून थेट नाल्याच्या बाजूला चालती झाली. ओसरीवर उभ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "काल ते विहिरीवाली आलती." शेवटच्या पानावर विहिरीत जीव देणाऱ्या त्या मुलीची कादंबरी आदल्या दुपारीच संपली होती. दुसऱ्या एका दिवशी भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या फणीत मला हातभर लांब काळा केस सापडला. बाईंचे केस पांढरे, पार विरळ झालेले, आणि माझी वेणी खांद्याखाली जात नव्हती. मी तो केस बाईंना दाखवला नाही, चुलीत टाकला, आणि त्या रात्री कडी लावून झोपले.

या सगळ्या नसलेल्या मुलींना जेवू घालणाऱ्या बाईंना एक असलेली मुलगीही होती, हे मला गल्लीनंच पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं. एकुलती एक. कापसाच्या जिनिंगमधल्या एका फिटरशी तिनं लग्न केलं. तो ना जातीतला, ना धर्मातला. ती सांगायला घरी आली तेव्हा बाई ताट वाढत होत्या. त्यांनी वाढलेलं ताट तिच्यासमोरून उचललं आणि म्हणाल्या, "या घरचा घास तुले आता मेल्यावरही नाही." मुलगी उपाशीच निघून गेली. नवऱ्यानं पुढं केनवडला पिठाची गिरणी टाकली. केनवड म्हणजे काही विलायत नव्हे, मोटारीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण लग्नापासून पुढची सात वर्षं ना ही तिकडे गेली, ना ती इकडे आली. बाईंनी तिचं नाव काढलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांना पुसणारी गल्लीत कुणी नव्हतीच, सगळ्यांना त्यांच्या जिभेचं भय.

नाव काढलं नाही, पण एकदा जीभ अडखळली. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून दुपारची कादंबरी मी वाचून दाखवू लागले होते. एका कादंबरीत एक आई निघाली. पळून गेलेल्या मुलीला ती दारातून हाकलते, असं पान आलं. मी थांबले. बाई म्हणाल्या, "वाच ना. काहून थांबली?" मी वाचलं. एरवी पानापानाला बोलणाऱ्या बाई पुस्तक संपेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माय बरोबर बोलली." आणि बऱ्याच वेळानं, "चांगली नाही, पण बरोबर बोलली." त्या संध्याकाळी ताट वाढून त्या दाराकडे तोंड करून बसून राहिल्या. मी विचारलं, "आली का?" तर मान हलवून म्हणाल्या, "नाही आली. ते येणार नाही अठी. दुसऱ्या घरी गेली असंन." इतकं दुखावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. न आलेल्या माणसाची जागा त्या घरात आलेल्यांपेक्षा जास्त जाणवू लागली.

दशलक्षणाचे दहा दिवस संपले की जैनांची क्षमावाणी येते. वर्षभरात कळत-नकळत कुणाला बोललो असू, दुखावलं असेल, तर घरोघर जाऊन हात जोडायचे, 'उत्तम क्षमा' म्हणायचं. त्या दिवशी घराची दारं सताड उघडी असतात. बाई सकाळी गल्लीभर फिरून यायच्या, बसस्टँडच्या गृहस्थांनाही सोडायच्या नाहीत. मग दिवस कलला की माजघरात उभ्या राहून त्या घरातल्या मंडळींची क्षमा मागायच्या. वर्षभर ज्यांच्यावर मतं दिली, त्या सगळ्यांची. खांबाकडे हात जोडून म्हणायच्या, "महाबळेश्वरवाले, तुले मी रडकी म्हटलं. उत्तम क्षमा." मग थांबायच्या. ते थांबणंच अंगावर काटा आणायचं. आमच्या मोठ्या बाई शाळेच्या टेलिफोनवर बोलताना पलीकडचं ऐकायला थांबत, अगदी तसं. मग बाई "बरं बाई," असं म्हणून पुढच्या जागेकडे वळायच्या. पियानोवाला काही क्षमा करत नसे. "त्याचा राग अजून गेला नाही," बाई मला सांगायच्या, "राहू दे. पुढच्या साली." सगळे व्हायचे. केनवडचं नाव तेवढं यायचं नाही.

त्या वर्षी मोतीबिंदू पुरता पिकला होता. बाईंना माणसं सावल्यांसारखी दिसत. क्षमावाणीला दुपारपासून आभाळ इतकं दाटलं की दिवस किती उरला ते समजेना, त्यात गावातली वीज गेली. मी कंदील शोधत होते. बाईंनी अंदाजानं ताट वाढून ठेवलं आणि त्यांचं सुरू झालं. महाबळेश्वरवाली झाली, विहिरीवाली झाली. आणि मला दिसलं, माजघराच्या दारात कुणीतरी उभं आहे. बाईमाणूस होतं. भिजलेली होती, पदर डोक्यावरून ओढलेला, आणि पायांखाली पाणी साचत होतं. माझ्या मनात एवढंच आलं, की आली. आता मलाही दिसायला लागली.

बाईंनी मान वळवली. त्या जराही दचकल्या नाहीत. "कोणत्या पुस्तकातली वं तू?" पदरातून पाणी तेवढं टपकत राहिलं. "बरं, नको सांगू. भिजली. बस, वाढलेलं हाय." ती सावली पुढं आली आणि ताटासमोर बसली. बाई तिच्यासमोर बसल्या, हात जोडले. मग म्हणाल्या, "तुले मी काही बोलली नाही, तुह्यं पुस्तकच वाचलं नाही. पण माही एक पोट्टी हाय. ते अठी येत नाही. तिच्या पुस्तकात मी लय वाईट हाव. भरलं ताट उचललं मी तिच्या पुढचं. तुमी साऱ्याजणी इकडं तिकडं फिरता. कुठं भेटली तं सांगजो तिले, का मायनं तुही क्षमा मागतली. सांगशीन ना?"

आणि अंधारात भाकर मोडल्याचा आवाज आला.

मी तो स्पष्ट ऐकला. मग चावण्याचा आवाज, मग वरण ओरपल्याचा. बाईंचे जोडलेले हात सुटले. इतकी वर्षं घरभर मेलेल्या पोरी बाळगणारी ती बाई, पहिल्यांदाच घाबरली होती. त्यांनी हात पुढं करून ताट चाचपलं. अर्धी भाकर गायब. "मास्तरीण!" त्या ओरडल्या, "कंदील आण वं! खाल्लं हिनं! खरंच खाल्लं!"

समोरून आवाज आला, "वरण खारट झालं, आई."

कंदील लागला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या. मुलीच्या हातात घास होता आणि तो तोंडापर्यंत जात नव्हता. आईचा मोतीबिंदू पिकल्याचं गिरणीवर दळायला आलेल्या कुणा बाईनं तिला सांगितलं होतं, म्हणून ती क्षमावाणीचा दिवस धरून आली होती. आज तरी दार उघडं असेल, या हिशेबानं. बाईंनी तिचं तोंड, केस, बांगड्या, सगळं हातानं पाहिलं. मग नाक ओढून म्हणाल्या, "सात वर्षांनं आली, अन् पयल्या घासाले नावं ठेवते!" मुलीनं घास खाली ठेवला. म्हणाली, "राहू दे. दिवस बुडाला असंन." जन्मात कधी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेतलेल्या, न घेऊ दिलेल्या बाई. बाहेर काळोख झाला होता. कंदिलावर किडे जमले होते. बाईंनी ताट तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "जेव. हाय अजून दिवस."

मुलगी आठवडाभर राहिली, पुढं येत-जात राहिली. जावई एकदा येऊन ओसरीवरच बसून गेला, पुढच्या वेळी आत आला. त्यानं बाईंना अकोल्याला नेऊन डोळ्यांचं करून आणलं. बाईंना अक्षर लख्ख दिसू लागलं. पण बाकीच्या साऱ्या निघून गेल्या. खांबापाशी बसून पाहिलं मी. साधा खांब होता. बाई दुपारी पुस्तक घेऊन बसायच्या, पानं उलटायच्या आणि निकाल न देताच मिटायच्या. बसस्टँडचे गृहस्थ मला विचारायचे, बाईंची तब्येत बरी आहे ना? बाई सुखात होत्या. फक्त कधीतरी तिन्हीसांजेला म्हणायच्या, "पोट्टी आली हे लय चांगलं झालं वं. पण त्याईले जा म्हणून कोणी सांगतलं नव्हतं."

माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्या पाया पडले आणि धीर करून विचारलं, "साऱ्या पुस्तकांवर मत दिलंत. माझ्यावर?" बाईंनी नव्या चष्म्यातून मला नीट पाहिलं. "वाचते तू चांगली," त्या म्हणाल्या, "उच्चार साफ हायेत. पण तुले कोणाची काळजी नाही वाटत." मी हसून वेळ मारून नेली आणि मोटारीत बसल्यावर रडले.

बाई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी अजून कादंबऱ्या वाचते, प्रेमाच्याच. शेवट वाईट असला की पुस्तक मिटून दिवेलागणीपर्यंत तशीच बसते, दाराकडे पाहत. माझ्याकडे आजवर कुणीही आलेलं नाही.