कुलपातला वेल

माझे सासरे कुलपं दुरुस्त करायचे. बाजारातल्या त्यांच्या दुकानात एक माणूस जेमतेम बसेल एवढीच जागा होती, आणि जास्त असती तरी दुसऱ्याला त्यांनी आत घेतलं नसतं. जन्मभर लोकांची अडकलेली दारं उघडून दिल्यामुळे त्यांचा कुणावर विश्वास म्हणून उरला नव्हता. घरात साखरेच्या डब्याला कुलूप, सायकलला दोन. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या बॅगेचं कुलूप हातात घेतलं, चिमटीत हलवलं आणि म्हणाले, हे असून नसल्यासारखंच आहे. माझ्या माहेरच्या माणसांदेखत! या घरात आपल्याला तोंड मिटून राहणं जमायचं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

दुकान सोडल्यावर ते परसात रमले. पावसाळ्यात भेंडी आणि गवार, थंडीत मेथी, पालक, वांगी, आणि ऊन तापायला लागलं की दोडका, काकडी आणि खरबूज. भाजी ते कुणालाही देत, अगदी शेजारच्या कंडक्टरलासुद्धा, मात्र तो किती नेतोय ते बघत. खरबुजाची गोष्ट वेगळी होती. ते बी त्यांच्या थोरल्या बहिणीचं. आई लहानपणीच गेली, बहिणीनं त्यांना वाढवलं, आणि ती गेली तेव्हा तिच्या मागे एवढं बीच राहिलं. आतून केशरी आणि इतकं गोड, की ते खाताना सासरे कुणालाही नावं ठेवत नसत. बिया धुवून, वाळवून, पत्र्याच्या डबीत घालून ते आपल्या कपाटात कुलपाखाली ठेवत.

"एक दाणा किडत नाही, बघ," ते मला दरवर्षी ऐकवायचे. "कुलपाची करामत."

मग एका वर्षी रोग पडला. वेल वाळले, एकच फळ तगलं, आणि नेमकं पिकल्यावर सकाळी गायब. सासऱ्यांचा संशय कंडक्टरवर. काल त्याची पिशवी फुगलेली दिसली होती म्हणे. दोन दिवसांनी विटांच्या ढिगामागे कुरतडलेली साल सापडली. घुशीचे दात आंधळ्यालाही ओळखता आले असते. सासरे म्हणाले, त्यानंच हा खोटा पुरावा आणून टाकलाय.

पुढच्या उन्हाळ्यात डबीतल्या उरल्यासुरल्या बिया सगळ्या पेरल्या. चारच वेल वर आले. ते गेले की बहिणीचं बी संपलं. तेव्हा सासऱ्यांनी बांबूंचा सांगाडा उभा केला, घरातल्या जुन्या मच्छरदाण्या जोडून त्यावर घट्ट ताणून बसवल्या, कडा मातीत पुरल्या, छोटं दार केलं आणि त्याला स्वतःच्या हातचं कुलूप ठोकलं. किल्ली गळ्यात. आंघोळीलाही काढत नसत.

वेल झकास वाढले. पिवळी फुलं आली, फुलांच्या मागे बोराएवढी फळंही दिसायला लागली. आणि एकेक करून पिवळी पडून गळायला लागली. जाळीबाहेर काकडी लगडली होती, दोडके लोंबत होते, पण खरबुजाचं एक फळ टिकेना. सासऱ्यांची झोप उडाली. आधी कंडक्टर भिंतीवरून औषध फवारतो असं ठरलं. मग ते कपड्यांच्या दोरीकडे बघायला लागले. माझ्या कपड्यांचं साबणाचं पाणी वेलांना लागतं असं त्यांच्या मनात आलं. मी दोरी हलवली. फळं गळतच राहिली.

एक दिवस जाळीच्या आत मातीवर फुलं सापडली. पाकळ्या ओरबाडलेली. कुलूप जसंच्या तसं. त्या दिवशी जेवताना सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेरचा माणूस नाही हा. कुंपणच शेत खातंय."

नवरा त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं जाऊ दे म्हणाला. का म्हणून जाऊ दे? मी ताटावरून उठले. थोड्या वेळानं सासूबाईंनी माझं ताट खोलीत आणून ठेवलं, तेव्हा मला त्यांचाही राग आला. माझ्या बाजूनं एक शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सासरे परसातल्या अडगळीच्या खोलीत पाळतीवर बसले. मीही जाऊन उभी राहिले. नाव माझं खराब होत होतं, चोर मलाही हवा होता. ते पालथ्या बादलीवर, मी दाराआड, आणि दोघांत अबोला.

मागचं दार उघडून सासूबाई आल्या. अंबाड्यातली पीन काढली, कुलपात घातली, मनगट जरासं वळवलं, आणि कुलूप उघडलं. आत जाऊन त्यांनी एक फूल खुडलं, पाकळ्या काढून टाकल्या आणि उरलेला देठ दुसऱ्या फुलात हलकेच फिरवला. मग पुढच्या फुलाकडे वळल्या.

सासरे बाहेर गेले.

"किल्ली कुठून मिळाली तुला?"

सासूबाई दचकल्या नाहीत. "किल्ली कशाला? पीन पुरते." मग त्यांनी सांगितलं, की एका फुलातली पूड दुसऱ्यात गेल्याशिवाय फळ धरत नाही. ते काम मधमाश्यांचं, आणि चोरांबरोबर सासऱ्यांनी मधमाश्याही बाहेर ठेवल्या होत्या. सासूबाईंची आई भोपळ्याला असंच करायची. "तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का? जाळी काढायला लावते म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे, असंच म्हणाला असतात." त्यांनी पान बाजूला केलं. खाली लिंबाएवढं हिरवंगार फळ धरलं होतं.

सासरे वाकून बघत राहिले. मग विचारलं, "पिनेनं कधीपासून उघडतेस?"

"लग्न झाल्या वर्षापासून. तुम्ही घरी कुलपं जोडत बसायचात, मी बघायचे."

"आणि माझं कपाट?"

"दरवर्षी तुमच्या बिया उन्हात कोण घालतं? नाहीतर कधीच किडल्या असत्या."

कुलपाची करामत! एरवी मी हसून हसून लोळले असते. त्या वेळी मला हसू आलं नाही.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"वाटायचं, एक दिवस तुम्ही आपणहून किल्ली द्याल," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचं फूल खुडलं.

जाळी त्याच दिवशी निघाली. मला सासऱ्यांनी माफी वगैरे मागितली नाही. फक्त संध्याकाळी माझी जुनी बॅग बाहेर आणायला लावली आणि तिला नवं कुलूप बसवून दिलं. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे दिल्या, दुसरी न मागता दिली.

फळ पिकलं. सासूबाईंनी कापलं, बिया धुतल्या, वाळवल्या. सासऱ्यांनी डबी भरली आणि गळ्यातली दोरी काढून तिच्यात कपाटाची किल्ली ओवली आणि सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी त्या किल्लीकडे बघितलं. मग मान पुढे केली.

हरवेल म्हणून सासरे अजूनही रोज सकाळी संशयानं विचारतात, किल्ली आहे ना? सासूबाई पदराआडून दाखवतात. कपाट त्या अजून पिनेनंच उघडतात. किल्ली मात्र गळ्यातून कधी काढत नाहीत.