कंबरेइतकी माती

मला खाली बसता येत नाही, आणि बसलेच तर कुणी उचलल्याशिवाय उठता येत नाही. पोलिओने ते लहानपणीच ठरवून टाकलं. त्यामुळे आमच्या डिंडोलीतल्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर अपंगांसाठी बाग करायचं ठरलं, तेव्हा मला हसूच आलं. बाग खाली आणि आम्ही वर.

तोड काढली ती शेजारच्या गल्लीतल्या भाऊंनी. लूमच्या कारखान्यात पडून त्यांचं कमरेखालचं अंग गेलंय, चाकाच्या खुर्चीत असतात. निळे प्लास्टिकचे ड्रम आडवे कापायचे, लोखंडी स्टँडवर ठेवायचे आणि त्यात माती भरायची. इथे घरोघरी पाणी अशाच ड्रमात भरतात. जवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या केमिकलच्या कारखान्यांतून भंगारात आलेला ड्रम सोड्याने घासला की झाला घरचा. आम्हीही तसेच घासून घेतले.

माती कंबरेइतकी वर आली. माझ्या माहेरहून, जळगावकडून, भरताच्या वांग्यांचं बी आलं. मी स्टँडला पोट टेकवून उभी राहायची, कुबड्या बाजूला ठेवायची आणि दोन्ही हात मातीत घालायची. दोन्ही हात एकाच वेळी मोकळे असणं म्हणजे काय, हे धड पायांच्या माणसाला सांगून कळणार नाही. बाकीचा दिवस खोलीत साड्यांना टिकल्या चिकटवण्यात जायचा, पण सकाळ माझी होती. भाऊ माझ्याही आधी हजर असायचे.

मग पानांच्या कडा करपायला लागल्या. आम्ही पाणी वाढवलं, कमी केलं, राख टाकली. उरलेली रोपं तळमजल्यावरच्या काकूंनी सहज भिंतीकडेला जमिनीत खोचली होती, ती मात्र टवटवीत. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ऊन तापल्यावर ड्रमला नाक लावलं, तर आतून उग्र वास येत होता. प्लास्टिक काय पिऊन बसलं होतं, देव जाणे. झाडं आम्ही आमच्याच हातांनी उपटली.

मी विटांचे उंच वाफे बांधून मागितले. सोसायटीवाले इतकं गोड बोलले की भांडायलाही जागा ठेवली नाही. विटांना परवानगी लागते, गाड्या लावायला जागा लागते, आणि खालची माती तर सोन्यासारखी आहे, तिथेच लावू की. आम्ही करू सगळं, तुम्ही फक्त सावलीत बसून सांगा. मला सांगायचं नव्हतं, करायचं होतं. ड्रम गेले, त्यांच्याबरोबर स्टँडही भंगारात गेले.

"आते घरमाच बठनं, ताई," भाऊ म्हणाले. आता घरातच बसायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी कुबड्या काखेत घेतल्या आणि जिन्याकडे वळले. त्यानंतर ते गल्लीच्या बाहेर दिसले नाहीत. मीही फारशी उतरत नाही.

खालची बाग छान चाललीय म्हणतात. परवा काकू दारात आल्या, ताटलीत तीन मोठी वांगी घेऊन. बाई मनाने चांगली आहे, राग तरी कसा धरणार?

"तुमचंच रोप हाय, ताई. बघा किती धरलंय."

एका कुबडीवर भार टाकून मी दुसरा हात पुढे केला. वांगी त्यांनी धुऊन, पुसून आणली होती. मातीचा कणही ठेवला नव्हता.